बिनआवाजाचा वर्ग

कामतघर, भिवंडी
रविवार, २ ऑगस्ट २०२०

चि. धम्मदिना,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र बाजूला ठेवावंसं वाटलं तर ठेव. आज नाही तर उद्या उघड, पण उघड. आम्ही दोघं आता बरे आहोत. ‘आता’ का लिहिलं ते पुढे कळेल. रवींद्ररावांना जयभीम सांग. नाशिकलाही पेशंट वाढत चालल्याचं पेपरात वाचतो. तुम्ही तिघं घरातच असाल असं धरून चालतो.

सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही की फोन केला नाही. फोन न करण्यामागे जे कारण होतं ते तुलाही माहीत नाही. तेही सांगतो, पण आधी इकडची खबर घे.

मार्चमध्ये लूम बंद झाले. नारपोलीतला आमचा कारखाना मी चाळीस वर्षांत कधी असा थंड पाहिला नव्हता. सुताचे बीम अर्धवट उतरलेले, आडवा धागा नेणारे धोटे जिथल्या तिथे. गल्लीतले लोक म्हणायचे, भिवंडी कशी शांत झाली बघा, वऱ्हाळ्याच्या तळ्यावरची पाखरं इथवर ऐकू येतात. मी मान हलवून हो म्हणायचो.

मे महिन्यात परप्रांतातले कामगार निघाले. माझ्या बाजूचे चार लूम सांभाळणारा गोरखपूरचा जोडीदार तुला आठवेल, ईदला शीरखुर्मा आणून द्यायचा. तो पाठीवर बोचकं घेऊन नाक्यावर उभा होता. मध्ये रस्ता, बांबू बांधलेले, जवळ जाता येत नव्हतं. त्याच्या तोंडाला गमछा. त्यानं तिकडून कारखान्यातली खूण केली, दोन बोटं जोडून झटक्यात तोडली. धागा तुटला की आम्ही तशी खूण करायचो. मी बोटं पुन्हा एकमेकांत अडकवून दाखवली, गाठ मार म्हणून. तो हसला असावा, डोळे बारीक झाले. मग गेला. अठरा वर्षं आम्ही रोज बारा तास शेजारी उभे होतो आणि त्याचा आवाज कसा आहे ते मला माहीत नाही. लूम चालू असताना आवाजाचा उपयोग नसतो. आम्ही हातांनीच बोलायचो. सुताची कांडी संपली, तेल हवंय, शेट आला, चहा सांग, पोरगी पास झाली, आई गेली, सगळं. त्याला भाषा म्हणायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याआधीच मास्क आले होते आणि माझी पंचाईत झाली होती.

धम्मदिना, मला ऐकू येत नाही. कमी येतं असं मी मनाशी म्हणायचो, पण ते खरं नाही. कानात सतत एक शिट्टी वाजत असते, तिच्या पलीकडून कुणी ओरडलं तर काहीतरी पडल्यासारखं वाटतं, तेवढंच. हे वीस-बावीस वर्षांपासून आहे. लूमवर जन्म काढलेल्या पुष्कळांचं होतं. पण मी कुणाला कळू दिलं नाही. समोरच्याचे ओठ बघून मी बोलणं उचलायचो आणि त्यात इतका तयार झालो होतो की सुपरवायझरलाही पत्ता लागला नाही. फोन आला की ‘रेंज नाही’ म्हणून ठेवून द्यायचो. तुझ्या लग्नात व्याही माझ्या डाव्या अंगाला बसून तासभर बोलत होते. त्यातलं अक्षर मला कळलं नाही, तरी मी हसत होतो.

एका दिवसात सगळ्या गावाचे ओठ झाकले गेले. भाजीवाला काय म्हणाला, रेशनवाल्यानं काय विचारलं, काही समजेना. खाली राहणारी माधवी आशा वर्कर आहे, ती ताप मोजायला आली आणि वय विचारलं, मी म्हणालो, “घरात दोघं.” तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हणालो. तिनं तुझ्या आईकडे पाहिलं. त्या दिवसापासून मी बाहेर जाणं टाळलं. लोकांना वाटलं दत्तू रोगाला घाबरला.

घरात बसल्यामुळेच पुढचं घडलं.

तुझी आई दुपारी जेवण झाल्यावर फोन घेऊन मोरीजवळच्या कोपऱ्यात बसते हे मला ठाऊक होतं. फोन बचत गटातून मिळाला असं ती म्हणाली होती, मी खोलात गेलो नाही. वर्षातून दोनदा ती नाशिकला येते तेव्हाही मी काही विचारत नाही, ती काही सांगत नाही. त्या दिवशी मी पाणी प्यायला उठलो आणि पडद्याच्या फटीतून फोनचा उजेड दिसला.

तुझी मेघाली होती. मी तिला सहा वर्षांनी पाहत होतो. दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा आलेला. तिचे हात चालले होते. कसे सांगू तुला? चांगला कारागीर तुटलेला धागा ओवताना बघितलाय ना तू, बोटं कुठून कुठे गेली ते दिसतच नाही, तसे. तिच्या भुवयासुद्धा बोलत होत्या. आणि तुझी आई, जिला लिहावाचायला मी शिकवलं, ती समोरून उत्तर देत होती. हळू, चुकतमाकत, पण हातांनी. मध्येच दोघी हसल्या. मी फटीत उभा. पाणी प्यायचं राहून गेलं.

त्यातली एक खूण मला समजली. पाचही बोटं जुळवून तोंडाकडे, जेवलीस का. ती तर कुणालाही समजेल. पण दुसरी एक समजली, मग तिसरी अंदाजानं. आणि माझ्या ध्यानात आलं की गेले दोन महिने घरात, गल्लीत, टीव्हीवर जे काही बोललं गेलं त्यात मला सर्वांत जास्त कळलेलं बोलणं हे आहे. मी खाटेवर येऊन बसलो.

तुझ्या आईला विचारायला तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, फोन दे, संध्याकाळी गच्चीवर वंदना लावतो, ऑनलाइन असते म्हणतात. तिनं दिला. गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसून मी त्यात लिहिलं, ‘हाताच्या खुणांची भाषा शिकणे’. एवढंच लिहिता आलं. खूप काय काय निघालं. त्यात एक माणूस नुसता हात हलवत होता आणि खाली मराठीत अक्षरं येत होती: टाळेबंदीत मोफत वर्ग, रोज संध्याकाळी पाच वाजता, कोणीही या.

मी गेलो. गेलो म्हणजे तिथेच टाकीआड बसून बटण दाबलं. पडद्यावर एकतीस चौकोन. कुणी बदलापूरचं, कुणी साताऱ्याचं, एक बाई दुबईहून. बहुतेक आईबाप, ज्यांची मुलं मेघालीसारखी आहेत. शिकवणाऱ्या रामनाथ सरांना जन्मापासून ऐकू येत नाही. ते स्वतःच्या स्वयंपाकघरात उभे होते, मागे कुकर दिसत होता. सगळ्यांचे माइक त्यांनी आधीच बंद करायला लावले. तासभर कुणाचाही आवाज नाही.

बाळ, त्या तासात माझ्याकडून एकही गोष्ट सुटली नाही. वीस वर्षांत असा एक तास मला मिळाला नव्हता. जिथे बसतो तिथे माझं निम्मं लक्ष ओठांवर आणि निम्मं पकडले जाण्याच्या भीतीवर असतं. इथे भीतीच नव्हती. शेवटी सरांनी दोन्ही हात वर करून बोटं हलवली. ती त्यांची टाळी. एकतीस घरांतले हात वर गेले, वारा सुटल्यावर पानं हलतात तसे. मी आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं आणि माझेही वर केले.

दहा-बारा दिवसांनी सरांनी मला पुढे घेतलं. विचारलं, तुमचे हात नवशिक्याचे वाटत नाहीत, कुठे शिकलात? मी लूमचं सांगितलं. काही हातांनी, उरलेलं लिहून. ते म्हणाले, दाखवा. मग मी कारखान्यातल्या खुणा दाखवल्या. कांडी, बीम, तेल, शेट आला. एकतीस चौकोन माझ्याकडे बघत होते, आणि दुबईची बाई ‘शेट आला’ ही खूण हसत हसत परत परत करत होती. सरांनी त्या खुणा एकेक करून पाहिल्या. मग त्यांनी लिहिलं, “काका, ज्यांना ऐकू येत होतं त्या माणसांनी आवाजात उभं राहून ही भाषा बनवली, आणि आम्ही शांततेत बनवली. दोघांना एकच वाट सापडली.” मी ते वाक्य कागदावर उतरवून ठेवलंय.

आता जे लपवलं ते. घाबरू नकोस, सगळं पार पडलं आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तुझ्या आईला ताप आला, मग दम. तपासणी पॉझिटिव्ह निघाली आणि तिला गावाबाहेरच्या सेंटरला नेलं. माझी निगेटिव्ह आली. जाताना तिनं माधवीला बजावलं, धम्मदिनाला सांगायचं न्हाय, येता येणार न्हाय आणि जीव टांगणीला लागंल. म्हणून तुला निरोप आला की फोनची काच फुटली. काच फुटली नव्हती. फोन तिच्या उशाशी होता, पण तुला वॉर्ड दिसला असता.

दुसऱ्या दिवशी चारला माधवीनं तिच्या फोनवरून व्हिडिओ लावून दिला. तुझी आई खाटेच्या दांड्याला टेकून बसली होती. मास्क हलला, म्हणजे काहीतरी बोलली, आणि खोकल्याची उबळ आली. तिथल्या सिस्टरनं हातानंच सांगितलं, बोलायचं नाही. इकडे माधवी मला काही समजावत होती, तिच्याही तोंडाला मास्क. फोननं एवढं जवळ आणलं, पण एकमेकांचा एक शब्दही पोचत नव्हता.

मी फोन माधवीच्या खिडकीच्या गजाला टेकवला. दोन्ही हात मोकळे केले आणि विचारलं, जेवलीस? दम लागतो? दुखतं कुठे?

ती नुसती बघत राहिली. मला वाटलं चुकलं. मग तिचा हात वर आला. जेवले. भात कच्चा. छातीत कमी दुखतं. तुम्ही काय खाल्लंत? डाळ. कुणी केली? मी. तिच्या डोळ्यांत हसू आलं. मी विचारलं, तुला नवल वाटलं नाही? तिनं एकच खूण केली, माहीत होतं.

चौदा दिवस आम्ही असे बोललो. चाळीस वर्षांच्या संसारात इतकं बोललो नसू. शेजारच्या खाटांवरच्या बायका बघायला यायच्या. एकीला तिच्या नवऱ्याला सांगायचं होतं की घाबरू नका, तर तुझ्या आईनं तिला ती खूण शिकवली. एका दिवशी तिला फार दम लागत होता, हातही जड झाला होता, तेव्हा तिनं फक्त तळवा पडद्याला लावून धरला. मीही धरला. ते कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

एकवीस तारखेला ती घरी आली. पायऱ्या चढताना धाप लागते, बाकी ठीक. पहिल्याच दिवशी ती मास्क काढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “तुम्हाला ऐकू येत न्हाय हे मला धम्मदिना दहावीत होती तवापासून ठावं हाय.” मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, “तुम्ही झाकत होता. मंग मीबी झाकलं.” आणि मला एकदम उमगलं. ही बाई गेली वीस वर्षं माझ्याशी बोलायचं असलं की हातातलं काम टाकून माझ्यासमोर यायची, उजेडाकडे तोंड करून उभी राहायची. मला वाटायचं तिची ती सवय आहे.

मग मी तिला वर्गाचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला सांगून काय व्हतंय. जिला सांगायचं तिला लिवा.”

म्हणून हे लिहितो आहे. चार पानं झाली आणि ज्यासाठी लिहायला बसलो ते अजून लिहिलं नाही.

खारबावला आपल्या भावकीतल्या महादूच्या मुलीचं लग्न. मंडपात वंदना सुरू होती. सगळे हात जोडून बसलेले. मेघाली साडेतीन वर्षांची, तुझ्या मांडीवरून उतरून माझ्यापुढे आली होती. इतके जोडलेले हात बघून तिला काय वाटलं असेल ते मला आज कळतं. तिला वाटलं असेल, सगळे आपल्यासारखं बोलायला लागले. ती आनंदानं हात हलवायला लागली. गळ्यातून आवाज निघत होता. पुढच्या रांगेतले वळून बघायला लागले. भावकीतले थोरले चिंधूकाका बघत होते. मी तिचे दोन्ही हात माझ्या एका मुठीत धरले आणि वंदना संपेपर्यंत सोडले नाहीत. ती ओढत होती, रडत होती. मी म्हणालो, “हात खाली. माणसासारखी बस.”

तू आलीस, माझी बोटं एकेक करून सोडवलीस, तिला उचललंस आणि भर उन्हात स्टेशनकडे चालत गेलीस. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ होते.

लोकांना मी सांगितलं, मुलगी रागीट आहे. खरं कारण वेगळं होतं. ती बहिरी आहे म्हटल्यावर कुणीतरी विचारील, कुणावर गेली? आणि मग सगळे माझ्याकडे बघतील. लूमचं बहिरेपण रक्तातून उतरत नाही हे मला कळत होतं, तरी भीती होती. मी तिला लपवत नव्हतो, स्वतःला लपवत होतो. त्यासाठी साडेतीन वर्षांच्या पोरीचे हात वापरले.

वर्गात एकदा सरांनी सांगितलं की जुन्या काळी अशा मुलांचे हात बांधून ठेवायचे, तोंडानं बोलावं म्हणून. मी फोन बंद केला. त्या दिवशी मला समजलं की मी तिचे हात धरले नव्हते, मी तिचं तोंड दाबलं होतं. बोलता येणाऱ्या मुलीचं तोंड, भर सभेत. आणि माणसासारखी बस म्हणालो.

माफ कर असं लिहीत नाही. ते आधी तिच्याकडे मागायचं आहे, तिच्या भाषेत. तू परवानगी दिलीस तरच. आईच्या फोनमध्ये मी चोरून डोकावणार नाही. तू नाही म्हणालीस तरी मी वर्गाला जात राहीन.

तुझ्या उत्तराची वाट पाहायचा हक्क नसलेला,
अप्पा

•

कामतघर, भिवंडी
सोमवार, १७ ऑगस्ट २०२०

चि. धम्मदिना,

जयभीम. कालच आपण समोरासमोर होतो आणि आज पुन्हा कागद, म्हणून हसू नकोस. काल तू मेघालीच्या मागे उभी होतीस. मला फक्त तिच्या खांद्यावरचा तुझा हात दिसत होता. तू मध्ये काहीतरी बोललीस, मेघालीनं मान वर करून तुझ्याकडे पाहिलं. ते मला ऐकू आलं नाही. तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, ती बोलली न्हाय, रडली. म्हणून तुला जे दिसलं नसेल, तिचे हात तुला पाठमोरे असल्यामुळे कळलं नसेल, ते लिहितो.

तुझा मेसेज आला तेव्हा त्यात एवढंच होतं, ‘रविवारी चारला.’ मी ते तुझ्या आईकडून तीनदा वाचून घेतलं, मला वाचता येत असून. रविवारी दाढी केली, पांढरा शर्ट घातला. बोटं मोकळी व्हावीत म्हणून अर्धा तास हात गरम पाण्यात धरून बसलो.

मेघाली समोर आली आणि माझ्याकडे बघत बसली. मुलं रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याकडे बघतात तसं, भीती नाही पण पुढेही येत नाहीत. मी सरांकडून घोटून घेतलं होतं तसं सुरू केलं. मी तुझ्या आईचा बाप. तू लहान होतीस. मी तुझे हात धरले. दाबून. ती माझी चूक. मला माफ कर.

तिनं माझी एक खूण दुरुस्त केली. अंगठा चुकला होता. मी परत केली. मग ती म्हणाली, “आठवतं. दुखलं होतं.”

मी म्हणालो, “हो.”

“परत करू नको.”

“नाही करणार.”

एवढंच. मी सहा वर्षं ज्याला घाबरत होतो ते इतक्यात झालं. तिनं ते उचलून बाजूला ठेवलं, विसरली नाही, पण ठेवलं. मोठ्या माणसांना हे जमत नाही. मला नाही जमलं.

मग तिनं विचारलं, तुला खुणा कशा येतात? आजीला तर मी शिकवल्या. मी म्हणालो, मला ऐकू येत नाही. तिनं तुझ्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. माझ्या कानाकडे बोट केलं. खरंच? खरंच. थोडंसं? अजिबात नाही. तुझ्या आईनं मागून भांडं वाजवलं, मी वळलो नाही, तेव्हा तिचा विश्वास बसला.

यानंतर तिनं जे विचारलं ते तुला दिसलं नसणार, कारण ती फोनला चिकटून, छातीशी हात धरून, अगदी लहान खुणा करत होती, गुपित सांगतात तशी. म्हणाली, “तू किती वर्षांचा?”

मी सांगितलं, त्रेसष्ट.

तिनं बोटांवर त्रेसष्ट करून दाखवले, समजण्यात चूक तर झाली नाही ना, तसे. मी मान हलवली. तिनं विचारलं, “बहिरी माणसं म्हातारी होतात?”

मला वाटलं माझ्याकडून समजायला चूक झाली. मी पुन्हा करायला सांगितलं. तिनं पुन्हा केलं, आणि मग भरभर बोलत सुटली, मला अर्धंच उमगलं. शाळेत सगळी बहिरी मुलं आहेत. सगळ्या बाई, सगळे सर ऐकणारे. रस्त्यावरचे म्हातारे ऐकणारे. तिनं आजवर एकही मोठं बहिरं माणूस पाहिलेलं नाही. म्हणून ती आणि तिची एक मैत्रीण मिळून ठरवून बसल्यात की मोठं होताना एकतर ऐकू यायला लागतं, नाहीतर आपण मरतो. मैत्रीण म्हणते ऐकू येतं. मेघालीला वाटत होतं, दुसरं.

धम्मदिना, नऊ वर्षांची पोर हे पोटात घेऊन रोज दप्तर भरत होती, आजीला हसवत होती. आणि तिच्या स्वतःच्या घरात एक बहिरा म्हातारा होता, जो ते लपवत होता.

मी तिला म्हणालो, होतात. म्हातारी होतात. लग्न करतात, भांडतात, मुलं वाढवतात, वाढवताना चुकतात, केस पांढरे होतात. बघ. मी डोकं वाकवून केस दाखवले. तोंड उघडून पडलेली दाढ दाखवली. ती फोनच्या आत येते की काय इतकी जवळ आली. मग उठून पळाली. तुझा हात तिच्या खांद्यावरून सुटला तो त्या वेळी. मला वाटलं संपलं. परत आली ती वही-पेन्सिल घेऊन, आणि माझं चित्र काढायला बसली. मध्येच मला खूण करायची, हलू नको. मी वीस मिनिटं हललो नाही. तिला ते मैत्रिणीला पाठवायचं होतं, पुरावा म्हणून.

आज पाचच्या वर्गात मी रामनाथ सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, लहानपणी मलाही तसंच वाटायचं. त्यांनी विचारलंय, मेघाली आणि तिच्या वर्गातली मुलं दर शनिवारी आली तर? वर्गातल्या साताऱ्याच्या बाईंचे सासरे बहिरे आहेत, शेती करतात, ते बसायला तयार आहेत. चौऱ्याहत्तर वर्षांचे. तू शाळेत विचारशील का? मेघालीला आताच सांगू नकोस, नक्की झालं की सांगू.

तुझं-माझं काय ते तू ठरव. घाई करू नकोस. तिनं माफ केलं म्हणून तूही करावंस असं नाही. वळ तिच्या हातावर होते, पण ते सहा वर्षं तू पाहिलेस. एवढंच मागतो, पुढच्या रविवारी फोन जरा मागे ठेव, म्हणजे तुझं तोंड दिसेल. तू रागावून बोललीस तरी चालेल. उजेडाकडे वळून बोल.

हा शब्द मी आजवर स्वतःसाठी कुठे लिहिला नव्हता. काल तिनं त्याची खूण मला दोनदा करायला लावली, नीट, मान वर करून. म्हणून लिहितो.

तुझा बहिरा बाप,
दत्तू